१२४अ रद्द झाले म्हणून तारखा चुकवू नका

तुमच्या पत्राप्रमाणे २०१९च्या भाषणावरून तुमच्यावर भारतीय दंड संहितेची (भादंवि) कलमे १२४अ (राजद्रोह) आणि १५३अ (गटांमध्ये वैर वाढवणे) लागली. १ जुलै २०२४ला दंड संहिता रद्द झाल्यावर तुम्ही तारखांना जाणे सोडले आणि आता पकड वॉरंट निघाले आहे. खटलाही संपला असाच समज करून घरी बसलेल्यांची पत्रे सारखी येतात. निदान एकदा वकिलाला विचारायचे होते.

सगळे ठरते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५८वर. याच कलमाने भादंवि रद्द केली आणि याच कलमाने आधीच्या कृत्यांची शिक्षा व त्यांवरचे खटले शाबूत ठेवले. घटना २०१९ची, म्हणून खटला जुन्याच कलमांखाली चालणार. १२४अच्या जागी आलेले न्याय संहितेचे नवे कलम १५२ मात्र तुम्हाला लावता येणार नाही. १२४अमध्ये जन्मठेपेला पर्याय तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा नुसत्या दंडाचा होता; १५२मध्ये तो सात वर्षांपर्यंतच्या कैदेचा आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद २०(१) अशी वाढीव शिक्षा मागून लावू देत नाही.

११ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने १२४अपुरते खटले स्थगित ठेवायला सांगितले. आरोपीचे नुकसान होत नसेल तर बाकीची कलमे चालू शकतात, म्हणजे १५३अ कदाचित चालेल. १२४अ घटनेत बसते का हा मूळ प्रश्न सप्टेंबर २०२३मध्ये मोठ्या पीठाकडे गेला आणि आरोपी टांगणीला लागले. ही दिरंगाई अक्षम्य आहे, पण तिच्यामुळे गैरहजेरी माफ होत नाही.

आधी वॉरंट. पोलीस येण्याची वाट न पाहता वकिलासह न्यायालयात हजर व्हा. खटला जुना असल्याने वॉरंट रद्द करण्याचा अर्ज जुन्या दंड प्रक्रिया संहितेच्या ७०(२)खाली. चुकलेल्या तारखांच्या रोजनाम्याच्या (न्यायालयाच्या रोजच्या नोंदींच्या) नकला जोडा, पुढे नियमित येण्याची लेखी हमी द्या. मुचलका (हजर राहण्याचे हमीपत्र) जप्त झाला असेल तर त्याच संहितेच्या ४४६खालची नोटीस जामीनदारालाही जाते. त्याला आजच कळवा.

मग दोषारोपपत्रात शासनाची पूर्वमंजुरी शोधा. दंड प्रक्रिया संहितेच्या कलम १९६प्रमाणे दोन्ही कलमांना ती लागते. पोलीस अधीक्षकांचे पत्र चालत नाही. मंजुरी नसेल, किंवा न्यायालयाने दखल घेतल्यानंतरच्या तारखेची असेल, तर आरोप निश्चित होण्याआधी दोषमुक्तीचा (खटला न चालवताच सोडण्याचा) अर्ज करा. आरोप आधीच निश्चित झाले असतील तर वाट वेगळी, बहुधा उच्च न्यायालयाची. भाषणात हिंसेला चिथावणी होती का, हे मात्र पूर्ण मजकूर वाचल्याशिवाय सांगता येणार नाही.