युद्धांवर आकडेवारीतून केलेल्या संशोधनावर कितपत विश्वास ठेवावा? पीएचडीसाठी कोणता डेटासेट घेऊ?

दुसरा प्रश्न छोटा आहे, तो आधी उरकतो. देशादेशांतली युद्धं हवी असतील तर कोरिलेट्स ऑफ वॉर. जे. डेव्हिड सिंगर यांनी १९६३ मध्ये मिशिगन विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प आहे, अजून सगळे तिथूनच सुरुवात करतात. देशांतर्गत संघर्ष हवे असतील तर स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचा डेटा. तिथे वर्षाला २५ मृत्यूंपासून नोंद सुरू होते, त्यामुळे छोटे संघर्षही सापडतात. निदर्शनं, दंगली, एकही माणूस न मेलेल्या घटना हव्या असतील तर ॲक्लेड नावाचा डेटासेट. पण काहीही घ्या, डाउनलोड करण्याआधी कोडबुक, म्हणजे कुठला आकडा कोणत्या नियमाने भरलाय ते सांगणारी पुस्तिका, वाचा. परिशिष्टांसकट. मी वाचलं नव्हतं आणि भर सेमिनारमध्ये तोंडावर आपटलो.

माझा विषय लोकशाही शांततेचा होता. दोन लोकशाही देश एकमेकांशी युद्ध करत नाहीत, हा दावा तुम्हाला माहीत असणारच. आपल्या विषयात नियम म्हणावं असं काही असलंच तर ते हेच, अशा अर्थाचं राज्यशास्त्रज्ञ जॅक लेव्ही यांनी १९८८ मध्ये लिहून ठेवलं, तेव्हापासून प्रत्येक नवा विद्यार्थी त्यावर एकदा तरी डोकं आपटतो. मी शीतयुद्धानंतरची दहा वर्षं घेतली. एक फाईल युद्धांची, दुसरी पॉलिटी या डेटासेटची, जिच्यात राजवट किती लोकशाही आहे यावरून प्रत्येक देशाला दरवर्षी उणे १० ते अधिक १० असे गुण मिळतात. ६ किंवा त्याहून जास्त असतील तर लोकशाही धरायची, असा रिवाज. दोन्ही फायली जोडल्या. देशांचे कोड जुळले, वर्षं जुळली. ज्या चौकटीत दोन्हीकडे लोकशाही आणि तरीही युद्ध, तिथे शून्य. ते शून्य मी स्लाइडवर जाड ठशात टाकलं होतं, यावरून काय ते समजा.

सेमिनारमध्ये मागच्या रांगेतून इतिहासाच्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "कारगिलच्या वेळी पाकिस्तानचे पंतप्रधान कोण होते?"

मी म्हणालो, "मुशर्रफ."

सभागृहात हशा. तो शांतपणे म्हणाला, "मुशर्रफ पंतप्रधान कधीच नव्हते. आणि तेव्हा ते लष्करप्रमुख होते. पंतप्रधान नवाज शरीफ होते, १९९७ मध्ये निवडून आलेले."

मला हे माहीत नव्हतं का? होतं. वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण गेले आठ महिने मी पाकिस्तानकडे देश म्हणून बघतच नव्हतो, तो माझ्यासाठी कोड नंबर ७७० होता. आणि ७७० समोर १९९९ साली उणे ६ लिहिलेलं होतं.

रात्री बसून कोडबुक वाचलं. पॉलिटीचे वार्षिक गुण म्हणजे त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला देशात जी राजवट असेल तिचे गुण. कारगिलचं युद्ध मे ते जुलैमधलं. लष्करी उठाव १२ ऑक्टोबरचा. म्हणजे उन्हाळ्यात निवडून आलेल्या सरकारच्या काळात झालेलं युद्ध माझ्या फायलीने थंडीतल्या लष्करशहाच्या खात्यावर टाकलं होतं. चूक पॉलिटीची नाही, त्यांनी नियम स्वच्छ लिहून ठेवलाय. याच्यावरचा उपायही जुनाच आहे: राजवटीचे गुण आदल्या वर्षाचे घ्यायचे. मी तो केला नव्हता, कारण शून्य आल्यावर पुढे तपासायची इच्छाच राहिली नव्हती. शून्याऐवजी चार आले असते तर त्याच रात्री कोडबुक उघडलं असतं.

दुरुस्ती करून गाईडकडे गेलो. खरं भांडण इथे सुरू झालं.

सर म्हणाले, "एक ओळ आहे. तळटीप टाक आणि पुढे चल." त्यांचं गणित असं: १९० देश धरले तर १७,९५५ जोड्या होतात, दहा वर्षांच्या १,७९,५५० ओळी. त्यातली एक ओळ इकडची तिकडे झाली तर रिग्रेशनचा गुणांक, म्हणजे लोकशाहीचा युद्धाशी किती संबंध दिसतो तो आकडा, हलतसुद्धा नाही. मी म्हणालो, सर, ओळी पावणेदोन लाखांवर आहेत, पण त्यातल्या बहुतेक अशा जोड्यांच्या आहेत ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. फिजी आणि बोलिव्हिया दहा वर्षं लढले नाहीत, हा पुरावा कशाचा? देशादेशांतली युद्धं त्या दशकात बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक म्हणजे एक ओळ नव्हे.

मग सरांनी दुसरा मुद्दा काढला. पाकिस्तानात तेव्हा खरी लोकशाही होती का? मोहीम लष्कराची, शरीफना कितपत कल्पना होती यावर आजही वाद आहे. मुद्दा बिनतोड आहे, नाकारत नाही. पण तो युद्धानंतर सुचला! ज्या वर्षी पाकिस्तान शांत बसला त्या वर्षी तो लोकशाही म्हणून आपल्या बाजूला मोजायचा आणि लढला की "ती कुठे खरी लोकशाही" म्हणून बाहेर काढायचा, याला आमच्याकडे रडीचा डाव म्हणतात. हे मी सरांना याच शब्दांत बोललो. बोलायला नको होतं, पण शब्द बरोबर होता.

तिसरा मुद्दा उंबरठ्याचा. लढाईत हजार मृत्यू झाले तर युद्ध, हा कोरिलेट्स ऑफ वॉरचा नियम. सर म्हणाले, कारगिल त्यात धड बसतं का? भारताचा अधिकृत आकडा ५२७, पाकिस्तानच्या आकड्यावर एकमत नाही. बरं, मग फॉकलंडचं काय? १९८२ मध्ये अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ सैनिक गेले, बेरीज ९०४, तरी ते यादीत आहे आणि त्यावर कुणी गाईड हरकत घेत नाही. कारगिलही त्याच यादीत आहे. गैरसोयीच्या युद्धाचेच मृतदेह पुन्हा मोजायला बसायचं, हे मला पटलं नाही. आजही पटत नाही.

शेवटी पदवी मिळाली. कारगिल माझ्या प्रबंधात तळटीपच आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, विश्वास किती ठेवावा. आकड्यांवर ठेवा, आकडे जिथून येतात तिथे कमी ठेवा. बहुतेक डेटा बातम्यांवरून बनतो. निल्स वाइडमन या संशोधकाने अफगाणिस्तानातल्या लष्करी नोंदी आणि बातम्यांवरून बनवलेला डेटा शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा दिसलं की मोबाईलचं जाळं असलेल्या भागात घटना बातमीत येण्याची शक्यता जास्त असते. त्यामुळे "मोबाईल आले आणि हिंसा वाढली" असा निष्कर्ष कुणी काढला तर आधी विचारा, हिंसा वाढली की बातमी पोचायला लागली? आणि पी-व्हॅल्यूचे तारे (निकाल निव्वळ योगायोगाचा नसावा, अशी तक्त्यातली खूण) बघून हुरळू नका. वॉर्ड, ग्रीनहिल आणि बाके यांनी २०१० मध्ये यादवी युद्धांवरची दोन गाजलेली मॉडेलं तपासली, तर भरपूर तारे असलेले काही चल, म्हणजे मॉडेलमधले घटक, पुढचं युद्ध ओळखायला जवळपास निरुपयोगी निघाले.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, इतका वेळ टाळत होतो. आदल्या वर्षाचे गुण घेऊन मी सगळं रिग्रेशन पुन्हा चालवलं, तेव्हा गुणांक खरंच हलला नाही. सरांचं तेवढं बरोबर होतं. लोकशाही देश एकमेकांशी क्वचितच लढतात, हे मीही मानतो. माझं भांडण "क्वचित" आणि "कधीच नाही" यांतल्या फरकाचं होतं. आणि हे वाचून आकडे सोडून एकाच युद्धाचा सखोल अभ्यास करायला पळणार असाल, तर तिथेही ते युद्ध तुम्हीच निवडता आणि आपल्याला सोयीचं निवडता. तिकडे तर कोडबुकही नसतं.

गाईड निवडताना मात्र पहिल्याच भेटीत विचारा, की सिद्धांताच्या विरोधात जाणारी केस सापडली तर ती कुठे लिहायची. "तळटीप" म्हणाले तर दुसरा गाईड बघा. (एवढं टोकाचं करायचं नसेल तर निदान तळटीप मोठी लिहा.) आणि पॉलिटीची फाईल उतरवलीत की ७७० ची १९९९ ची ओळ उघडा. उणे ६ दिसेल. मग तिच्या वरची, १९९८ ची बघा.