इंजिनाच्या ऑइलमध्ये पाणी: गोडे की खारे?

प्रश्न: हर्णै बंदरात माझी ट्रॉलर नौका असून तिच्यावर सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. इंजिनात गोडे पाणी फिरते आणि ते हीट एक्स्चेंजरमध्ये समुद्राच्या पाण्याने थंड होते. मासेमारीवरील पावसाळी बंदीच्या काळात इंजिन धुऊन रंगवून घेतले, ऑइल आणि फिल्टर नवे घातले. १ ऑगस्टनंतरच्या दुसऱ्याच फेरीत ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखे दिसू लागले आणि पातळी मोजायच्या काठीवर वरच्या खुणेच्या बोटभर वर चढले. ऑइल बदलून आणखी एक फेरी केली, तर पुन्हा तोच प्रकार झाला. टाकीतील गोडे पाणी कमी झालेले नाही, इंजिन सहज सुरू होते आणि गिअरबॉक्सचे ऑइल स्वच्छ आहे. एक मेस्त्री हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उघडून त्याखालचे गॅस्केट बदलायला सांगतात, तर नौका चालवणारा तांडेल म्हणतो की पावसाळ्यातील दमट हवेमुळे असे होते, पुन्हा ऑइल बदलून निघावे. कोणाचे ऐकावे?

उत्तर: आपण तूर्त दोघांचेही ऐकू नये आणि नौका समुद्रात नेऊ नये. ऑइल दुधाळ झाले, एवढ्यावरून त्यात पाणी आहे हेच फक्त कळते. ते पाणी कोणते आणि कोणत्या वाटेने आले, हे रंग सांगत नाही. दमट हवेतील बाष्प इंजिनात साचते हे खरे, परंतु त्याने काठीवरची पातळी बोटभर वाढत नाही, आणि ऑइल बदलल्यावर एकाच फेरीत तेच पुन्हा घडत नाही. हेडची शंका अवाजवी नाही, पण ती आपल्या पत्रातील सर्वांत मोलाच्या वाक्याशी जुळत नाही. टाकीतील गोडे पाणी कमी झालेले नाही, असे आपण लिहिले आहे. हेड गॅस्केट, तडकलेले हेड किंवा लायनरखालची (सिलिंडरच्या आतल्या नळीखालची) रबरी ओ-रिंग या वाटांनी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यात, येते ते गोडेच पाणी; ते लिटरभर जरी आले असते, तरी टाकीत तितकी तूट दिसली असती. कोणी खलाशी न सांगता टाकी भरत नाही ना, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे.

म्हणून पहिले काम पाणी खारे आहे की गोडे हे ठरवण्याचे. रात्रभर इंजिन बंद राहिल्यावर, सकाळी सुरू करण्यापूर्वी, चेंबरचा ड्रेन प्लग दोन-तीन आटे सैल करून खाली स्वच्छ काचेची बाटली धरावी. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे मोकळे पाणी तळाशी बसते आणि तेच आधी बाहेर येते. तसे आले, तर त्यातील थोडे पाणी स्टीलच्या चमच्यात आटवावे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यामुळे चमच्यात पांढरा थर स्पष्ट राहतो. मात्र कोणीही ते पाणी जिभेला लावून पाहू नये. आपल्याकडे ही सवय आहे आणि ती घातक आहे, कारण इंजिनातल्या गोड्या पाण्यात घालायच्या कूलंटमधील ग्लायकॉल विषारी असते.

पुष्कळदा इंजिनाच्या फिरत्या दांड्याने, म्हणजे क्रँकने, ऑइल आणि पाणी इतके घुसळलेले असते की ते वेगळे होतच नाही. अशा वेळी बाटली गरम पाण्यात ठेवावी. तरीही पाणी सुटले नाही, तर तेवढेच गरम डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत घालतो ते, त्यात मिसळून बाटली चांगली हलवावी, रात्रभर स्थिर ठेवावी आणि खालचे पाणी गाळून घ्यावे. दापोलीसारख्या गावी महाविद्यालयाची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा असते. तेथे या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहण्याची विनंती करावी. क्षार भरपूर असतील तर लगेच दाट पांढरा साका धरतो. गोड्या पाण्यातही थोडा क्लोराइड असतो, म्हणून डब्यातील नवे ऑइल आणि टाकीतील गोडे पाणी यांच्यावरही हीच परीक्षा करून तिन्ही शेजारी ठेवून पाहावीत. तुलनेवाचून काढलेल्या निष्कर्षावर हेड उघडण्याचा किंवा न उघडण्याचा निर्णय घेऊ नये.

पाणी खारे निघाले, आणि पत्रावरून मला तसेच वाटते, तर शोध बराच आवळता येतो. आपण इंजिन रंगवून घेतल्याचे लिहिले आहे, म्हणून माझी पहिली नजर समुद्राचे पाणी खेचणाऱ्या पंपाकडे जाईल. हा पंप पट्ट्यावर चालत असेल तर ही वाट बहुतेक बंदच समजावी. पण तो गिअरवर, थेट टायमिंग केसला, म्हणजे इंजिनाच्या गिअरांच्या पेटीला, बसवलेला असेल, तर त्याच्या शाफ्टवर दोन सील असतात. एक पाण्याकडचे आणि दुसरे ऑइलकडचे. दोहोंच्या मध्ये मोकळी जागा आणि तिच्या तळाशी एक लहान छिद्र असते. पाण्याकडचे सील गेले की या छिद्रातून पाणी ठिबकते आणि पंप दुरुस्त करण्याची वेळ आली हे कळते. हे छिद्र रंगाने, ग्रीसने किंवा गळती थांबवण्याच्या सदिच्छेने कोणी मेणाने बुजवले, तर पाण्याला बाहेर जायला जागा उरत नाही. ते शाफ्टच्या बाजूने ऑइलच्या सीलवर दाटते आणि तेथून टायमिंग केसमधून चेंबरमध्ये उतरते. मी स्वतः एका नौकेवर हेड दोनदा उतरवलेले पाहिले आहे आणि शेवटी दोष या बोटाच्या नखाएवढ्या, रंगाने मिटलेल्या छिद्रात सापडला. छिद्र तारेने मोकळे करून, बंदरातच नौका बांधून, अर्धा तास इंजिन चालवावे. तेथून पाणी ठिबकले तर पंप काढून दोन्ही सील बदलावीत आणि शाफ्टवर सीलने खाच पाडली आहे का, हेही नखाने चाचपून पाहावे. खाच असेल तर नवे सील महिनाभरही टिकणार नाही.

पंप निर्दोष असेल तर ऑइल कूलर तपासावा. काही इंजिनांत कूलरमधून गोडे पाणी जाते, काहींत थेट समुद्राचे. आपल्या इंजिनात कोणते जाते हे पाइपांचा माग काढून पाहावे. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब पाण्याच्या दाबाच्या कितीतरी पट असतो, म्हणून कूलरची नळी झिजून भोक पडले असेल तर चालू इंजिनात ऑइल पाण्याकडे जाते आणि नौकेबाहेर पडणाऱ्या पाण्यावर तवंग दिसतो. इंजिन थांबून ऑइलचा दाब उतरला की उलट घडते. यावरून एक सोपी परीक्षा करता येते. एका रात्री समुद्राचे पाणी आत घेणारा वॉल्व्ह उघडा ठेवावा आणि दुसऱ्या रात्री बंद, आणि दोन्ही वेळा संध्याकाळची व सकाळची पातळी काठीवर खूण करून पाहावी. पातळी फक्त पहिल्या रात्री चढली, तर पाणी उभ्या नौकेत समुद्राकडूनच येत आहे. सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी वॉल्व्ह पुन्हा उघडल्याची खात्री करावी, नाहीतर पंपाचा रबरी इंपेलर मिनिटांत जळतो. कूलर काढल्यावर त्याची तोंडे बंद करून, पाण्यात बुडवून, उत्पादकाने सांगितलेल्या दाबाइतकीच हवा भरावी. बुडबुडे कोठून येतात ते दिसते.

पाणी गोडे निघाले तरच मेस्त्रींचे म्हणणे पुढे येते. तेव्हाही आधी गोड्या पाण्याच्या टाकीवर हातपंप लावून दाब द्यावा, चेंबर उतरवून खालून टॉर्चने पाहावे आणि पाणी कोणत्या लायनरखालून ठिबकते ते नक्की करून मगच हेड उतरवावे.

दोष सापडेपर्यंत खारे पाणी मिसळलेले ऑइल इंजिनात ठेवू नये. मिठाने बेअरिंग आणि क्रँक गंजायला फार दिवस लागत नाहीत, आणि बंद पडून राहिलेले इंजिन चालत्यापेक्षा लवकर बिघडते. ऑइल कोमट असताना काढावे, फिल्टर टाकून द्यावा, योग्य ग्रेडचे साधे ऑइल भरावे. दुरुस्ती झाल्यावर भार न देता अर्धा तास चालवून तेही काढावे, आणि असे दोन-तीनदा करावे. पुरेसे झाले की नाही, हे तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकून कळते. तवा सुमारे १५० अंश सेल्सिअस तापलेला असावा. पाण्याचा अंश उरला असेल तर फोडणीत ओला कढीपत्ता पडल्यासारखा थेंब तडतडतो, नसेल तर नुसता पसरतो. डोळ्यांना चष्मा लावावा. काढलेले ऑइल पिंपात साठवून पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावे. खाडीत ओतू नये.

प्रश्न: देवगडला माझी लहान होडी आहे. पावसाळ्यात अधूनमधून दहा मिनिटे इंजिन चालवतो. ऑइलच्या टोपणाखाली पिवळट फेस दिसतो, काठीवरचे ऑइल मात्र स्वच्छ आहे व पातळीही वाढलेली नाही. इंजिन उघडावे का?

उत्तर: उघडू नये. हे बाष्पच आहे. दहा मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही, त्यामुळे ज्वलनातून आणि हवेतून आलेले बाष्प उडून न जाता टोपणाच्या थंड भागावर जमते. इंजिन चालवायचेच असेल, तर नौका पाण्यात असताना ऑइल नीट गरम होईपर्यंत चालवावे. नौका शाकारलेली, म्हणजे किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेली, असेल तर अजिबात चालवू नये. ऑइल बदलून, सायलेन्सरचे तोंड पावसापासून झाकून तसेच ठेवावे. काठीवरचे ऑइल गढूळ झाले, तर वर सांगितलेली बाटलीची परीक्षा करावी.