कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पायात रक्ताची गुठळी: इंजेक्शन कधीपर्यंत, ते डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. तुमच्या वडिलांचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात डावी पोटरी सुजली, डॉपलरमध्ये (पायातल्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) गुठळी निघाली. आता रोज सकाळ-संध्याकाळ पोटात रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन, आणि काका म्हणतायत की टोचाटोची कशाला, गोळी मिळते की! माझ्या आईला अंडाशयाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर हाच त्रास झाला होता, म्हणून सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही. डोस ठरवणं, बदलणं, बंद करणं हे तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारूनच.

गुठळी का होते वगैरे तुम्हाला सांगितलं असेलच, ते सोडते. आम्हाला सगळ्यात महाग पडला तो कागदावरून गळलेला एक शब्द. ऑपरेशननंतर वॉर्डात आईला गुठळी होऊ नये म्हणून रोज एनॉक्सापॅरिन या औषधाचं 40 मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन देत होते. पोटाच्या किंवा ओटीपोटाच्या कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशननंतर बऱ्याच पेशंटना ते घरी गेल्यावरही चालू ठेवतात, एकूण चार आठवड्यांपर्यंत. टाके निघाले म्हणून गुठळीचा धोका संपत नाही. आमच्या डिस्चार्जच्या कागदावर अँटिबायोटिक होतं, ॲसिडिटीची गोळी होती, प्रोटीन पावडरसुद्धा होती. हे इंजेक्शन नव्हतं.

मला शंका आली म्हणून फोन केला. काउंटरवरून उत्तर मिळालं, "कागदावर नाही ना? मग नाही द्यायचं." डॉक्टरांशी बोलू द्या म्हटलं, तर ओपीडीच्या दिवशी या. ओपीडीचा दिवस उजाडायच्या आत आईची मांडी सुजून घट्ट झाली. नंतर सर्जननीच फाइल उघडून दाखवलं: इंजेक्शन पुढे चालू ठेवा असं त्यांच्या हस्ताक्षरात होतं, डिस्चार्ज टाइप करताना ती ओळ राहिली. किमो लांबली ती लांबलीच. कॅन्सर आणि गुठळ्यांचा संबंध फ्रान्समधल्या ट्रूसो नावाच्या डॉक्टरांनी 1865 मध्ये विद्यार्थ्यांना शिकवला होता. इतकी जुनी, माहितीतली गोष्ट, आणि विचारणाऱ्या नातेवाइकाला एक माणूस डॉक्टरांपर्यंत फोन जोडून देत नाही, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून ज्यांच्या घरी ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनीही वाचा: घरी सोडायच्या आदल्या दिवशी राउंडला आलेल्या डॉक्टरांनाच विचारा, "गुठळीचं इंजेक्शन कोणत्या तारखेपर्यंत?" तारीख कागदावर घ्या. नको असेल तर "बंद" असं लिहून घ्या. कोरं सोडू नका.

आता गोळीचं. अपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या कॅन्सरच्या पेशंटनाही देतात आणि बऱ्याच जणांना त्या चांगल्या लागू पडतात. पण जठर-आतड्याच्या कॅन्सरमध्ये काही गोळ्यांनी तिथूनच रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. त्यात जठराचा भाग काढलेला असेल तर गोळी नीट शोषली जाईल का हाही प्रश्न असतो, आणि किमोत उलट्या झाल्या तर गोळी पोटात राहणार कशी? तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी विचार करूनच इंजेक्शन दिलं असावं. माझं मत विचाराल तर काकांचं ऐकून परस्पर बदलू नका. पुढच्या भेटीत "गोळीवर कधी जाता येईल?" एवढं विचारा.

टोचायला कोणी नाही म्हणालात. नर्सकडून एकदा शिकून घ्या, जमतं. बेंबीपासून चार बोटं लांब, डावी-उजवी बाजू आलटून-पालटून. चिमटीत कातडी धरायची, सुई सरळ आत, औषध हळूहळू सोडायचं, सुई बाहेर आल्यावरच चिमूट सोडायची. भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढायच्या फंदात पडू नका, थेंबभर औषधही जातं. आणि नंतर चोळायचं नाही! आई सवयीने चोळायची आणि पोटावर हे मोठे काळेनिळे डाग पडायचे. गुठळी झाल्यावरचा डोस वजनावर असतो, किमोत वजन उतरतं, त्यामुळे दर भेटीला नवं वजन सांगा. किडनी नीट नसेल तरीही डोस बदलतो, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा.

प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींवर, लक्ष ठेवा. किमोनंतर त्या 50 हजारांच्या खाली आल्या तर पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. काळी शौच, लघवीत रक्त, डोक्याला मार लागणं, यातही तेच. अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका. सुजलेल्या पायाला तेल लावून मालिश करायला कुणी ना कुणी सांगेलच, करू देऊ नका. आणि एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं तर सकाळची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी, कारण गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.

किती दिवस, याची मनाची तयारी लांबची ठेवा. साधारणपणे किमान तीन ते सहा महिने, आणि कॅन्सर किंवा किमो चालू असेल तर त्याहून पुढे. सूज उतरली म्हणून बंद करायचं नसतं.

खर्चाचं एक. मेडिक्लेम असेल तर डिस्चार्जनंतरची औषधंही बहुतेक पॉलिसींत काही दिवस धरतात. पण प्रिस्क्रिप्शनवर औषधाचं नाव आणि तारीख हवी, नाहीतर बिल परत येतं. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत बराच फरक असतो, तेव्हा स्वस्तातलं कुठलं चालेल ते डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा आणि डबा हॉस्पिटलमध्ये नेऊन द्या, कचरा उचलणाऱ्या बाईंच्या हाताला लागतात त्या.

डॉपलरमध्ये गुठळी गुडघ्याच्या खाली आहे की मांडीपर्यंत, ते तुम्ही लिहिलं नाहीत. रिपोर्टमध्ये बघा आणि सोमवारी डॉक्टरांकडे तो कागद घेऊनच जा.