काटा-मापाचे प्रश्न : दारू मोजायचं मशीन कुठलं घ्यावं?

प्रश्न : दादा, माझा धाकटा मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. शनिवार-रविवार रेंजवर लांब पल्ल्याची रायफल मारायला जातो आणि तिथल्या कायद्याप्रमाणे वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरीच पुन्हा भरतो. आता त्याला बंदुकीची दारू आपोआप मोजून वाटीत टाकणारं मशीन घ्यायचंय. एक आहे तीनशे डॉलरच्या आसपासचं, ०.१ ग्रेन इतकं इकडं-तिकडं होईल म्हणतात. दुसरा आहे जपानी प्रयोगशाळेचा काटा आणि त्याला जोडायचं वेगळं यंत्र, मिळून हजाराच्या वर. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबला होते म्हणून मला विचारतोय, पण माझी विद्या चिमट्यानं ठेवायच्या पितळी वजनांवर संपली. (केएमटीच्या बसमध्ये बसून फोनवर ‘दारू मोजायचं मशीन’ म्हणाले, तर शेजारची बाई सरकून बसली.) काय सांगू त्याला? आणि आपला नेमबाज स्वप्नील कुसाळेही अशीच दारू तोलून भरतो का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, शेवटचा प्रश्न आधी उरकतो. नाही. स्वप्नीलनं १ ऑगस्ट २०२४ ला ज्या ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिम्पिकचं ब्राँझ घेतलं आणि आपली तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ज्या प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायच्या, प्रकारात जगज्जेती झाली, तिथं पॉइंट टू-टूची रायफल असते. तिचं काडतूस रिमफायर. ठिणगीचा मसाला पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो, पिनेच्या ठोक्यानं कड चेपते आणि पुंगळी भंगारात जाते. हे नेमबाज कारखान्यातले वेगवेगळे लॉट आपल्या रायफलीतून मारून बघतात आणि मानवेल तो लॉट घेतात. एअर रायफलीत तर दारूच नसते. आणि हे वाचून इथं कुणाला हुक्की येऊ नये म्हणून सांगतो : आपल्याकडं परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. पुढचं सगळं टेक्साससाठी.

माझी चाळीस वर्षं लक्ष्मीपुरीत काटे दुरुस्त करण्यात गेली. बंदुकीची दारू मी कधी तोलली नाही. पण ग्रेन हे माप आपल्या सराफांच्या गुजरीला परकं नाही बरं का. जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. तोळ्याच्या गुंजा ९६, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनला थोडी जड. रायफलच्या मोठ्या काडतुसात चाळीसेक ग्रेन दारू जाते, म्हणजे वीस-एकवीस गुंजा, अडीच ग्रॅमच्या पुढं. ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम. सोन्याचा काटा साडेसहा मिलिग्रॅमनं चुकतोय म्हणून माझ्या टेबलावर आला, तर मी तो बिघडलेला म्हणूनच उघडत असे. तेवढीच चूक चिरंजीवांच्या तीनशे डॉलरच्या मशीनला चालते आणि ती फसवणूकही नाही. शंभर यार्डांवर हा फरक कागदावर दिसत नाही. हजार यार्डांवर गोळ्या वर-खाली पसरायला लागतात, तेव्हा दिसतो. म्हणून पहिलं त्याला विचारा, बाबा, तू मारतोस किती लांब?

आता मशीन. ही एक वस्तू वाटते, पण दोन आहेत : ओतणारा आणि तोलणारा. ओतणाऱ्याचं काम सोपं. नळी फिरते, दारू पुढं सरकते. आधी भसाभस, आकडा जवळ आला की दाणा-दाणा. दाण्यांच्या जाती मात्र निरनिराळ्या. काडीची दारू म्हणजे शेवयांचे बारीक तुकडे, गोल दारू खसखशीसारखी, पापुद्र्याची कोंड्यासारखी. खसखस छान वाहते. शेवया एकमेकींत अडकतात आणि शेवटच्या क्षणी पाच-सहा दाणे एकदम पडतात, मशीन ‘जास्त झालं’ म्हणून ओरडतं. तिकडचे लोक नळीच्या तोंडात कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉचा तुकडा बसवतात म्हणे, गठ्ठा फुटतो. आपल्या उद्यमनगरातला जुगाड आणि हा, भाऊ-भाऊच.

तो म्हणेल, मग ड्रम फिरवून मापानं टाकायचं हातयंत्र काय वाईट? गंगावेशीत कट्ट्यावर दूध प्यायलाय ना तो? ग्लास काठोकाठ, पण त्यात फेस किती, दूध किती, हे म्हैसच जाणे. खसखशीच्या दारूला माप चालतं, शेवयांना वजनच हवं.

खरा पैसा तोलणाऱ्यात घालायचा. चार्जमास्टर, हॉर्नाडी, लायमन अशा तीनशे डॉलरच्या आसपासच्या यंत्रांत लोडसेल असतो. अॅल्युमिनियमची छोटी पट्टी, तिच्यावर चिकटवलेली तार. वजन पडलं की पट्टी केसाएवढी वाकते, तारेचा रोध बदलतो, त्याचा आकडा होतो. स्वस्त आणि दणकट. पण ऊन, थंडी, वारा सगळं तिला लागतं, आणि वाकलेली पट्टी कधीकधी पुरती सरळ होत नाही, शून्य सरकतं. जपानी ए अँड डी कंपनीच्या एफएक्स-१२०आय सारख्या काट्याची रीत वेगळी. पारडं खाली जायला लागलं की चुंबकातली गुंडाळी त्याला उचलून जागेवर धरते आणि त्यासाठी किती करंट लागला ते काटा वाचतो. पट्टी वाकत नाही, त्यामुळं स्थिरही पटकन होतो. वाचतो एक मिलिग्रॅमपर्यंत. ग्रेनमध्ये तो ०.०२ च्या पायरीनं दिसतो, म्हणजे शेवयाच्या दारूचा साधारण एक दाणा. त्याच्या जोडीला दाणा-दाणा ओतणारं ऑटोट्रिकलर लावतात, तोच तुमचा हजाराच्या वरचा सौदा.

पण ताई, महागडा काटा वाईट जागी ठेवला तर तो महागात चुकतो. गुजरीतल्या एका पेढीचा काटा रोज संध्याकाळी वीसेक मिलिग्रॅम हलका दाखवायचा. मी तीनदा उघडला, दोनदा बोर्ड बदलला, मालक माझ्यावर तापले. चौथ्यांदा नुसता बसून राहिलो. सात वाजता मालकांनी देवीच्या फोटोपुढं समई लावली, काट्यापासून वीतभर अंतरावर. गरम हवा वर चढत होती आणि पारड्याला अलगद उचलत होती. समई हलवली, काटा शहाणा झाला. बोर्डांचे पैसे मी परत केले, तेवढी लाज होती.

टेक्सासात समई नसेल, एसीचा झोत असेल. हा पोरगा गॅरेजमध्ये भरतो का? तर झोताखालून टेबल हलव म्हणावं, टेबल हलकं-डुगडुगतं नको, मोबाइल शेजारी ठेवू नको. काटा पाणसळीत बसव, चालू करून अर्धा तास तापू दे. आणि पेटीतून काढल्यावर तिथंच वजनानं कॅलिब्रेट कर. हा काटा वस्तुमान मोजत नाही, पृथ्वीची ओढ मोजतो, आणि ती ओढ विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत अर्धा टक्का बदलते. जपानात जुळवलेला काटा टेक्सासात जुळवावाच लागतो.

मी एक गोष्ट सांगितली तर तो नक्की ऐकेल, कारण फुकट आहे. रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग वाटी उचलायची. उणे आकडा दिसेल, तो वाटीच्या वजनाचा. कागदावर लिहून समोर चिकटवायचा. दर दहा काडतुसांनी वाटी उचलून तोच आकडा येतो का बघायचं. नाही आला, तर शून्य सरकलंय, मागची दहा पुन्हा तोलायची. दुसरं : तुम्ही लॅबमध्ये वापरत होता तशी दोन चांगली वजनं, २ ग्रॅम आणि २० ग्रॅम. चिमट्यानं धरायची, हाताच्या घामानंही वजन चढतं. वीस वेळा ठेवून वीस वेळा काढायचं आणि आकडे लिहायचे. दुकानदारापेक्षा हा कागद खरं बोलतो. तिसरं : चिमट्यानं एकेक दाणा वाटीत टाकून बघायचा. स्वस्त काटे शून्य सांभाळायच्या नादात हळूहळू पडणारे दाणे गिळून टाकतात, पाच पडले तरी आकडा हलत नाही. ज्याच्यावर दाणा-दाणा ओतायचंय त्याच काट्याला दाणा कळत नसेल, तर काय उपयोग?

माझा कौल असा. चारशे-पाचशे यार्डांच्या आत मारत असेल तर तीनशेवालं यंत्र घेऊ दे, उरलेल्या पैशात वजनं आणि एक साधा दांडीचा काटा. वीज नाही, बोर्ड नाही, धारेवर टेकलेली दांडी. यंत्रावर संशय आला की साक्षीला तोच. हजार यार्डांच्या स्पर्धा करत असेल तर चुंबकाचा काटा आधी, ओतणारं यंत्र वर्षभरानं. तोवर हातानं दाणे टाकणारी नळी चालते, कंटाळवाणी आहे एवढंच.

राहिली काळजी, जी तुम्ही पत्रात लिहिली नाहीत. मशीनला आकडा कळतो, दारू कळत नाही. आत चुकीची दारू असली तरी ते ‘४०.०’ इमानानं दाखवील. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की हॉपर, म्हणजे यंत्राचं दारू भरायचं भांडं, रिकामा करून दारू मूळ डब्यात, कारण रात्रभर राहिली तर सकाळी ती कुठली ते आठवत नाही, आणि काही दारू प्लास्टिकही खाते. किती भरायची तो आकडा छापील लोडिंग पुस्तकातला, खालच्या टोकापासून सुरू करायचा, मित्राच्या सांगण्यावरून नाही. काळी दारू या विजेच्या यंत्रात कधीच नाही.

प्रश्न : आमचा घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. पन्नास ग्रॅमच्या पुड्या हातानं तोलतो. असंच दाणा-दाणा ओतणारं छोटं यंत्र चालेल का?
— एक वाचक, कागल

उत्तर : नाही चालणार. तुमच्या मसाल्यात तेल, खोबरं, भाजलेला कांदा. तो वाहत नाही, बसतो. कंप देऊन सरकवणारी यंत्रं त्याचा गोळा करतात. तुम्हाला स्क्रूवालं फिलर लागेल, आत मसाला ढवळणारं पातं असलेलं. काट्यावर वैधमापनचा शिक्का दर वर्षी घ्यायचा हे विसरू नका. आणि यंत्र बघायला जाताना दोन किलो आपलाच मसाला घेऊन जा. डेमोला ते मीठ ओतून दाखवतात.