हळू चालवून डिझेल वाचतं, पण तो ५५ चा आकडा मैलांचा आहे भावा

तू स्वतःच लिहिलंयस की धंद्यात येऊन दोनच वर्षं झालीत, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको. मी निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरात वीस-बावीस वर्षं काढलीत, त्यातली पहिली सहा स्टिअरिंगवर, त्यामुळे मालक आणि ड्रायव्हर दोघांच्या बाजूने सांगू शकतो.

आधी तुझा प्रश्न थोडक्यात. बारा टायर गाडी, चाकण ते बेंगळुरू, ॲव्हरेज लिटरला ३.६ किलोमीटरच्या आसपास. कुठंतरी वाचलंस की अमेरिकेतले ट्रकवाले ६५ ऐवजी ५५ ने चालवून डिझेल वाचवतात, म्हणून ड्रायव्हरला सांगितलंस की काटा ५५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. तो हसला. दोन ट्रिपा झाल्या, ॲव्हरेज जिथल्या तिथे, वरून गाडी उशिरा पोचली आणि पार्टीच्या शिव्या तू खाल्ल्यास. आता विचारतोयस की हे सगळं थोतांड आहे का.

थोतांड नाही. पण ते ५५ मैल आहेत, म्हणजे आपले ८८ किलोमीटर! त्यांच्याकडे ज्याला हळू म्हणतात त्याला आपल्याकडे चलन पडतं, कारण आपल्या मालवाहू गाडीला चौपदरी हायवेला काय आणि एक्सप्रेसवेला काय मर्यादाच ८० ची, आणि वेग अडवणारा गव्हर्नरपण ८० लाच लावलेला असतो (निदान कागदावर तरी). १९७३ ला तेलाची टंचाई आली म्हणून त्यांनी १९७४ ला देशभर ५५ मैलांची मर्यादा घातली होती, ती १९९५ ला काढली, पण तिथले ट्रकवाले अजून त्याच आकड्यावरून भांडतात. वजन म्हणशील तर त्यांची गाडी ८०,००० पौंडांची, म्हणजे ३६ टनांच्या जरा वर, तुझं पासिंग, म्हणजे गाडी आणि माल मिळून परवानगीचं वजन, ३५ टन, फार फरक नाही. पण ते ६५ मैलांनी म्हणजे १०५ ने पळतात आणि गॅलनला साडेसहा मैल पडले तरी खूश असतात, आपल्या हिशोबात ते लिटरला पावणेतीन झालं. तू ३.६ काढतोयस, म्हणजे जी बचत त्यांना स्पीड कमी करून मिळते त्यातली बरीचशी तुझ्या खिशात आधीच आहे. राहिलेली कुठं आहे ते सांगतो.

गाडीला दोन गोष्टी मागे ओढतात, एक हवा आणि एक टायर. टायरचा ओढा वजनावर जातो, स्पीडचा त्याला फारसा फरक पडत नाही. हवेचा ओढा स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ६० चे ८० केले की स्पीड वाढला एक तृतीयांश पण हवेचा ओढा झाला जवळजवळ पावणेदोन पट. मी आपल्या चपट्या तोंडाच्या गाडीचा ढोबळ हिशोब मांडून बघितला, ३५ टन भरलेली असली तर सपाट रस्त्यावर ८० ला एकूण ओढ्यात हवेचा वाटा चाळीस-पंचेचाळीस टक्के निघतो, बाकी टायर. म्हणून ८० वरून ६० वर आलास तर कागदावर साधारण वीस टक्के वाचायला पाहिजे. आता तीच गाडी रिकामी धर, बारा-साडेबारा टन, टायरचा ओढा एक तृतीयांश राहिला पण हवेला काय कळतंय गाडी भरलीय का रिकामी, ती तेवढीच ओढते. मग बचत तीस टक्क्यांच्या आसपास जाते.

आणि आपले ड्रायव्हर करतात काय? भरलेली गाडी मुकाट साठ-पासष्टने नेतात कारण तिच्यात तेवढाच दम असतो, आणि रिकामी झाली की जशी काय बैलगाडीची शर्यत. हुबळीहून रिकामा निघालेला माणूस कागलच्या आधी काटा ८० च्या खाली आणत नाही. डिझेल तिथं जातंय. तू नेमकं भरलेल्या गाडीला ५५ ची वेसण घातलीस आणि परतीबद्दल काही बोललाच नाहीस, असा माझा अंदाज आहे. तुझ्या चाकणच्या मालाचंपण तसंच, ऑटो पार्टचे रॅक असतील तर गाडी डोळ्याला भरलेली दिसते आणि वजनकाट्यावर निम्मीच असते, त्यालापण रिकाम्याचाच नियम लावायचा.

पण आपल्या रस्त्यावर हवेपेक्षा मोठा खाऊ ब्रेक आहे, आणि याच्यावर कुणी बोलत नाही. ३५ टनाची गाडी ८० ला आणायला नुसती ती गती देण्यासाठी अर्ध्या लिटरच्या वर डिझेल लागतं, साधारण ६००-७०० मिली धर. समोर कुणी आडवा आला, डायव्हर्जन आलं, ब्रेक मारला, तेवढं डिझेल ड्रममधे गरम होऊन गेलं. तीच गाडी ६० ला असेल तर नुकसान जवळपास निम्म्यावर येतं. साताऱ्याच्या पुढे कागलपर्यंत रुंदीकरणाच्या कामाने जी काय दशा झालीय, दर दोन-चार किलोमीटरला सर्व्हिस रोडला उतरा, परत चढा, तिथं ८० पकडून ब्रेक मारणारा आणि ६० ने लांबूनच पाय काढून घेणारा, दोघं कराडला पाच-दहा मिनिटांच्या फरकाने चहाला भेटतात. डिझेल मात्र एकाचंच जळालेलं असतं. म्हणून मी ड्रायव्हरला स्पीडचा आकडा देत नाही, एवढंच सांगतो की ब्रेक कमी लागला पाहिजे, पुढचा अर्धा किलोमीटर बघून पाय उचल.

आता तुझं ॲव्हरेज का हललं नाही ते. मला वाटतं गिअर. ५५ ला तुझ्या गाडीचं टॉप गिअर नीट बसत नसेल, म्हणजे जरा चढ आला की इंजिन गुरगुरतं, ड्रायव्हर एक गिअर खाली टाकतो आणि तुझ्या हुकमाप्रमाणे ५५ वरच ठेवायचंय म्हणून सपाटीलापण त्याच गिअरमधे राहतो. मग आरपीएम वर आणि स्पीड खाली, हवेत वाचवलेलं इंजिनने खाल्लं. आरपीएमच्या काट्यावर हिरवा पट्टा असतो ना, टॉप गिअरमधे त्या पट्ट्याच्या खालच्या अर्ध्यात काटा असताना स्पीड किती पडतो ते एकदा शेजारी बसून बघ. गाडीगाडीच्या रेशोप्रमाणे तो वेगळा येतो, माझ्या एकीचा ५८ आहे आणि दुसरीचा ६४. तुझा जो येईल तो तुझा आकडा.

आणि कृपा करून ॲव्हरेजवरून पगार कापू नको. मी ही चूक केलीय. ठरलेल्या ॲव्हरेजच्या खाली गेलं की लिटरमागे पैसे कापायचे असं एकदा चालू केलं, दोन महिन्यांत आकडे एकदम गोड यायला लागले, मी खूश. मग एक दिवस साताऱ्याकडून येताना मीच गाडीत बसलो तर खंबाटकीचा बोगदा संपल्यावर त्या एस वळणाच्या उतारावर पठ्ठ्याने गिअर न्यूट्रलला टाकला, भरलेली गाडी. माझ्या पोटात गोळा आला. त्याच्या दृष्टीने तो माझंच डिझेल वाचवत होता. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार तर आपण सगळेच जाणतो, नोव्हेंबर २०२२ ला तिथं एका ट्रकने कितीतरी गाड्या चेपल्या तेव्हा उतारावर इंजिन बंद केल्याचंच पुढे आलं होतं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, ब्रेक दाबत गेलास की ब्रेकची हवा संपत जाते, स्टिअरिंग दगड. आणि गंमत अशी की त्यात काही वाचतपण नाही, निदान न्यूट्रलमधे तर नाहीच. आत्ताच्या कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनला गिअरमधे ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर डिझेल देणं बंदच करतो, चाकं इंजिनला फिरवतात. न्यूट्रलला टाकलंस की आयडलिंगसाठी परत डिझेल सुरू. म्हणजे उतारावर गिअरमधली गाडी फुकट चालते आणि न्यूट्रलमधली पीत चालते. हे एकदा ड्रायव्हरला समोर बसवून समजावून सांग, ओरडून नाही.

आता पैशाकडे येतो, कारण खरी गोम इथं आहे. पुणे-बेंगळुरू ८४० किलोमीटर धर. ३.६ ने २३३ लिटर लागतं, ४ ने २१०. तेवीस लिटर वाचलं, ₹९० ने धरलं तर दोन हजार सत्तर. जायला तीनेक तास जास्त. गाडीचा महिन्याचा हप्ता ₹७०,००० असेल तर उभ्या गाडीचा तास तुला शंभर रुपयाला पडतो, म्हणजे तीन तासांचे तीनशे, अजूनही फायदाच. पण त्या तीन तासांनी अनलोडिंगचा नंबर हुकला आणि गाडी दुसऱ्या दिवसावर गेली की चोवीसशे गेले आणि ड्रायव्हरचा भत्ता वेगळा. वाचवलेलं सगळं तिथं धुतलं गेलं. तुझा ड्रायव्हर हसला तो याच्यावर, त्याला हा हिशोब तोंडपाठ असतो, फक्त तो तुला लिहून दाखवत नाही.

गेल्या पावसाळ्यात चाकणला एका कंपनीच्या गेटवर माझी गाडी लोडिंगसाठी अकरा तास उभी होती. अकरा! मग रात्री नऊला बिल्टी (मालाची पावती) हातात देऊन म्हणाले उद्या संध्याकाळी पाचपर्यंत पोच पाहिजे. त्या माणसाने साठने कसं जायचं? नंतर मी त्याच पार्टीकडे बसून भांडून लोडिंगची वेळ ठरवून घेतली, सकाळी गाडी लागली की दुपारी दोनपर्यंत बाहेर, नाहीतर डिटेन्शन, म्हणजे गाडी थांबवल्याचे पैसे. भाड्यात पाचशे सोडले त्याच्यासाठी. लोकांनी येड्यात काढलं, पण तेव्हापासून त्या रूटवर माझी गाडी आरामात साठ-बासष्टने जाते, तळेगाव-चाकण रोडचं संध्याकाळचं ट्रॅफिक चुकतं आणि ड्रायव्हर रात्री चार तास झोपतो. माझं ॲव्हरेज ३.७ वरून ४.१ झालं, त्यात हे किती, परतीचा स्पीड किती आणि दर सोमवारी हवा चेक करण्याचं किती, ते मी वेगळं काढू शकत नाही. ताडपत्री ढिली असेल तर तीपण घट्ट बांध, फडफडणारी ताडपत्री म्हणजे मागे छत्री उघडून पळणं.

गेटवर उभं असताना इंजिन चालू ठेवत असेल तर तेपण बघ, तासाला दीड-दोन लिटर सहज जातं. आता २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय, नवी गाडी घेतलीस तर हे प्रकरण वाढणार. उन्हाळ्यात माणसाला बंद कर म्हणणं बरोबर नाही, सावलीतलं पार्किंग शोध.

मोजताना एक कर. टाकी टू टाकी मोज, एकाच पंपावर, नोझल आपोआप कट झाला की थांबायचं, वर ठोकून भरायचं नाही. जातानाचं आणि परतीचं वेगळं लिही, एकत्र केलंस तर काहीच कळणार नाही. दोन ट्रिपांवरून निकाल काढू नको, खंबाटकीला एकदा तास-दीड तास अडकलास तरी आकडा बिघडतो, निदान सहा ट्रिपा बघ. आणि जे वाचेल त्यातले निम्मे ड्रायव्हरला दे, रोख, ट्रिप संपली की लगेच. माझ्याकडे तीन वर्षं हे चालू आहे आणि त्यानंतर टाकीतून डिझेल काढण्याची तक्रार एकदाही आली नाही, आता ते का ते तूच समजून घे.

पुढच्या सहा ट्रिपांचे आकडे इथं टाक, परतीचे वेगळे, आणि तो टॉप गिअरचा स्पीड किती आला तेपण लिही.