५० हजारांच्या कर्जात कारागिराचा धंदा कसा वाढणार?

तुम्ही विचारलंय, गावातल्या कुंभारांना ५० हजार-लाखाचं कर्ज मिळालं तरी तेवढ्यात ना जागा येते ना मोठं मशीन, मग धंदा वाढणार कसा? मी पेण तालुक्यातली. आमच्या हमरापूर-जोहे पट्ट्यात गणपतीचे कारखाने घरोघरी आहेत, आमचाही आहे. इथे बघितलंय त्यावरून सांगते: वाढतो. कारण हातात थोडा पैसा असला की माणसाला थांबता येतं.

आमच्याकडे पैसा वर्षभर जातच असतो. शाडूची माती भावनगरकडून येते, शिवाय साचे, मजुरी, वीज. येतो तो मात्र गणपतीच्या आधीच्या दीड-दोन महिन्यांत. मधल्या काळात ज्याच्या हातात पैसा नाही, तो कच्च्या, म्हणजे न रंगवलेल्या मूर्ती व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो. व्यापाऱ्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असेल तर भावही तोच ठरवतो. मूर्तीची किंमत खरी वाढते ती पुढच्या कामात: पितांबराचा रंग, सोनेरी काम आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. माझी जाऊ बारीक ब्रशने बुबुळ काढते तेव्हा खोलीत कुणी बोलतसुद्धा नाही. एवढी कला घरात असून मूर्ती चैत्रातच टेम्पोत चढल्या, तर त्या कलेचे पैसे आपल्याला मिळतच नाहीत.

आमच्या बचत गटातल्या एकीने गटाच्या कर्जातून रंग आणि तो फवारायचा कॉम्प्रेसर घेतला, निम्म्या मूर्ती रंगवून विकल्या. पुढच्या हंगामात ती उचल मागायला गेलीच नाही.

कर्ज कुठे मिळेल? मुद्रा या केंद्र सरकारच्या कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत. २०२३ मध्ये कारागिरांसाठी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत कुंभारही बसतात आणि मूर्तिकारही: आधी १ लाख, ते फेडलं की २ लाख, व्याज वर्षाला ५ टक्के, तारण नाही. सावकाराचे महिना ३ टक्के म्हणजे वर्षाचे ३६ होतात.

पण हप्ता नीट बघा. काही मायक्रोफायनान्सवाले लगेच आठवड्याचा हप्ता सुरू करतात, तेव्हा माल अजून वाळत असतो. मग हप्त्यासाठी दुसरं कर्ज, आणि मूर्ती पुन्हा कच्च्याच विकायच्या. चांगला हात बसलेली माणसं यात अडकलेली बघते तेव्हा फार संताप येतो. म्हणून बँकेत शक्यतो कॅश क्रेडिट मागा: लागेल तसं उचला, विक्री झाली की भरा, व्याज उचललेल्या रकमेवरच. सोबत गेल्या हंगामाची ऑर्डरची वही आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, न्या, ती ऑनलाइन फुकट होते. या पैशातून शेड मात्र बांधू नका, तो पैसा सुटायला वर्षं जातात.

तुमच्याकडच्या कुंभारांचे हंगाम दोन, उन्हाळ्यात माठ आणि दिवाळीत पणत्या. त्यांना दिवाळी झाल्या झाल्या बँकेत जायला सांगा, म्हणजे माठांची माती आणि भट्टीचं सरपण रोखीने घेता येईल.