नवीन घोडी आणलीय, ट्रेनिंगची पद्धत कुठली निवडू?

दादा, पहिल्यांदा अभिनंदन! पॅट पारेलीची पद्धत की मॉन्टी रॉबर्ट्सचं जॉइन-अप (दोघेही अमेरिकन घोडे-प्रशिक्षक; जॉइन-अप म्हणजे मोकळ्या घोडीला रिंगणात पळवून ती आपणहून जवळ येईपर्यंत थांबणं) यात आत्ता फार अडकू नकोस, पाया दोन्हीकडे जवळपास एकच आहे, दोराने किंवा अंगाच्या हालचालीने दाब द्यायचा आणि घोडीने बरोबर उत्तर दिलं की त्याच क्षणी सोडायचा. घोडी शिकते ती दाबाने नाही, सोडण्याने. जॉइन-अपला गोल रिंगण लागतं, ते नसेल तर १२ फुटी दोरीवरचे पारेलीचे सात खेळ (जमिनीवर उभं राहून करायचे सात सराव) घे, सोयीचे पडतात.

सुरुवातीला सगळे याच चुका करतात:
- रोज वेगळा व्हिडिओ बघून वेगळी पद्धत. एकच धर, दोन-तीन महिने तरी.
- रिंगणात दमेपर्यंत पळवणं. ती दमून थांबते आणि आपल्याला वाटतं ऐकायला लागली.
- दोर सतत ताणलेला. माझं हेच व्हायचं, मागे सरकवताना घोडी अर्धं पाऊल टाकायची तरी मी ओढतच राहायचो, मग ती मान वर करून दात घट्ट आवळायची. ज्या दिवशी त्या अर्ध्या पावलालाच दोर ढिला सोडला, तिने मान खाली घेतली, ओठ चाटले, एक कान माझ्याकडे वळवला.

आणि हो, अचानक अडायला लागली तर आधी दात, पाठ, खूर व्हेटला दाखव, दुखत असेल तर कुठलीच पद्धत चालणार नाही. रोज १५ मिनिटं पुरेत. खोगिराचं नंतर बोलू.